मामांचं अडलेलं वाक्य

लाऊडस्पीकरमधून पहिलं वाक्य खणखणीत आलं. "नमस्कार मंडळी, हिंगणवाडीच्या मैदानावर आपलं स्वागत आहे." यंत्राचा आवाज, त्यामुळे 'मैदानावर'चे तीन तुकडे झाले होते, पण आलं. रेषांवर चुना टाकणारी माणसं हातातलं काम सोडून वर कर्ण्याकडे बघायला लागली. मीही खांबाखाली उभी राहून दुसऱ्या वाक्याची वाट बघत होते. ते काही आलं नाही.

मी धावतच शाळेच्या वर्गात गेले. मैदानाला लागून असलेल्या या वर्गात आम्ही माइक, मशीन आणि मामा असं सगळं मांडलं होतं. मामा खुर्चीत ताठ बसले होते आणि दोन्ही हात वर धरले होते, आपण काही हात लावला नाही असं दाखवणाऱ्या माणसासारखे. समोरच्या लॅपटॉपवर तेच पहिलं वाक्य होतं आणि त्याखाली थिजलेला कर्सर. मी दोन-चार बटणं दाबून पाहिली. एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा प्रोग्राम, मेल्यागत पडला होता.

माझ्या पाठोपाठ बाबासो चौगले आत आले. ते कबड्डी मंडळाचे अध्यक्ष. एरवी बाबासोंचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत जायचा, पण मामांशी बोलताना त्यांनी तो अगदी खाली आणला.

"हिंदुराव, मनाला लावून घिऊ नगा," ते म्हणाले. "प्रीतम गुरुजी हायत की बोलायला. तुमी आपलं स्टेजवर बसा. फायनलच्या आदी शाल आन् नारळ दिऊया तुमास्नी. सगळं गाव टाळ्या वाजवंल."

मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की मलाच भीती वाटली. मग ते उठले, फळ्यापाशी गेले आणि खडूने लिहिलं, 'शाल नको.' त्याखाली आणखी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फायनल.'

हिंदुराव खराडे म्हणजे माझे सख्खे मामा. दिवसा साखर कारखान्याच्या कचेरीत टाइपरायटर बडवायचे आणि संध्याकाळी कबड्डीच्या मैदानात माइक धरायचे. कृष्णाकाठच्या गावांमधून स्पर्धेच्या पत्रिका निघायच्या, त्यांवर प्रमुख पाहुण्यांच्या वर समालोचकाचं नाव छापलेलं असायचं, ते मामांचं. आमदार रुसले तरी चालतील, हिंदुराव आले पाहिजेत, असं लोक म्हणायचे. मग घशाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेत जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्याला एक भोक आणि त्यावर पांढरी जाळीची पट्टी घेऊन मामा घरी आले आणि त्यानंतर मैदानाच्या रस्त्यानेही गेले नाहीत.

मी पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होते. ऑफिसने टाकून दिलेला एक म्हातारा लॅपटॉप मी मागून घेतला. त्यावर विंडोजला धाप लागायची, म्हणून लिनक्स घातलं. ते युनिक्सच्या घराण्यातलं, थोडक्यात संसार करणारं. नेटवर कुणा अनोळखी माणसाने आतल्या कोडसकट फुकट ठेवलेला एक साधा एडिटर घेतला, त्याला मामांच्या बोटांना सवयीचा टाइपरायटरचा कीबोर्ड दिला आणि शेजारी एक वाचणारा प्रोग्राम बसवला. मामांनी ओळ लिहायची आणि कॉपीचं बटण दाबायचं. कॉपी झालेलं काहीही दिसलं की वाचणारा प्रोग्राम ते मराठीत मोठ्याने बोलायचा. एवढीच युक्ती. पुण्यात मी तो चांगला घासूनपुसून तपासला होता. आदल्या दिवशी मामांच्या पुढ्यात ठेवला, तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं ते मामीला उद्देशून. 'शालन, भाजीत मीठ जास्त झालंय.' मामी हसता हसता रडली होती.

बाबासोंनी फळा वाचला आणि डोकं खाजवलं. शेवटी त्यांनी तोड काढली. आधी सेमीफायनल होती, ती प्रीतम गुरुजी सांभाळतील. ती संपेपर्यंत मशीन सुधारलं तर फायनल मामांची. नाहीतर मामांनी मुकाट्याने शाल घ्यायची. एवढं बोलून ते गेले आणि थोड्याच वेळात बाहेर शिट्टी झाली.

मामांनी फळा पुसला. मग माझ्याकडे पाठ करूनच लिहिलं, 'कालपासून अडतंय. बॅटरी काढून परत चालू करत होतो. तुला सांगितलं नाही. बाबासोला कळलं असतं.'

"मामा, अहो, मला तरी सांगायचं."

त्यांनी हातानेच मला थांबवलं आणि पुढची ओळ लिहिली. 'आज लोकांपुढं अडलं, तर मी परत मैदानात येणार नाही. मग तू मशीनवर वेळ घालवू नकोस.'

मामा कधी धमकी देत नसत, फक्त सांगत. खरं सांगायचं तर माझ्या अंगात एक वारं शिरलं. अडलेलं मशीन समोर आहे, बाहेर मॅच सुरू आहे आणि मॅच संपायच्या आत ते सोडवायचं आहे. पगारासाठी मी वर्षानुवर्षं हेच करत आले होते, मामांसाठी पहिल्यांदाच.

मी लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि मामांच्या खुर्चीत बसून लिहायला लागले. खेळाडूंची यादी दुसऱ्या खिडकीत उघडी होती. त्यातून नाव उचलायचं, एडिटरमध्ये आणून चिकटवायचं, पुढे 'चढाईला निघाला' लिहायचं, कॉपी करायचं. मशीन बोललं. दुसरं नाव, तिसरं नाव. झरझर चाललं होतं, कुठेही अडकत नव्हतं. मग मामा बसले. त्यांनी एक ओळ लिहिली, मशीन ती बोललं, त्यांनी पुढची सुरू केली आणि एडिटर ठप्प. पुन्हा बंद, पुन्हा चालू. मी बसले की चालतं, मामा बसले की अडतं. माझा तर जळफळाट झाला.

मामी किटलीतून चहा घेऊन आली होती. ती दारात उभी राहून हा खेळ बघत होती.

"माणूस बघून अडतंय व्हय ह्ये?" ती म्हणाली. "आमच्या म्हशीगत झालं की. ती बी माझाच हात लागल्याबिगर पान्हा सोडत न्हाई."

मी हसणार होते, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. म्हशीला माणूस कळतो, मशीनला कुठून कळायला? मशीनला फक्त बोटं कळतात. म्हणजे मामांची बोटं काहीतरी वेगळं करत होती, आणि मी इतका वेळ पडद्याकडे बघत बसले होते.

"मामा, आता एकदा लिहा, पण खऱ्या मॅचसारखं. बाहेर प्रीतम गुरुजी बोलतायत ना, त्यांच्या जागी तुम्ही आहात असं समजून."

बाहेर चढाई सुरू होती. गुरुजी नीटनेटकं बोलत होते, कोण आला, किती गुण झाले, वगैरे. मामांनी कान देऊन ऐकलं, तुच्छतेने नाक उडवलं आणि लिहायला लागले. 'सर्जेराव निघाला.' कॉपी. मशीन बोललं. आणि मग मामांच्या बोटांनी पुढचं वाक्य नव्याने लिहिलंच नाही. त्यांनी तेच वाक्य खाली चिकटवायला बटण दाबलं, आणि कर्सर थिजला.

"थांबा," मी म्हणाले. "हे तुम्ही काय करत होता?"

ते काय करत होते ते मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त कधी लक्षात आलं नव्हतं. मामांच्या समालोचनाची ती रीतच होती. आधीचं वाक्य पूर्ण उचलायचं आणि त्याला शेपूट जोडायचं. सर्जेराव निघाला. सर्जेराव निघाला आणि डाव्या कोपऱ्याला डिवचून आला. सर्जेराव निघाला, डाव्या कोपऱ्याला डिवचून आला, आणि आता मध्यरेषेची वाट विसरला. शेपूट वाढत जायचं तशी गर्दी तापत जायची आणि शेवटच्या शेपटाला मैदान उसळायचं. दुसऱ्या कुणालाही हे साधत नसे. प्रीतम गुरुजींनी हे कधीच केलं नसतं, आणि पुण्यात तपासताना मलाही ते सुचलं नव्हतं. मी सगळी नावं बाहेरच्या यादीतून उचलत होते. मामा एडिटरमधलं स्वतःचंच वाक्य उचलून त्याच एडिटरमध्ये ठेवत होते.

मी या वेळी मशीन बंद केलं नाही. एडिटर मेला असला तरी बाकीचं घर जागं होतं. दुसरी खिडकी उघडून मी पाहिलं, आत कोणकोणते प्रोग्राम चालू आहेत. सगळे ओळखीचे, आणि तळाशी एक अनोळखी चिमुकला प्रोग्राम काहीही न करता बसलेला. नावावरून कळलं की कॉपी झालेला मजकूर आणून देणं एवढंच त्याचं काम. मी त्याला तिथल्या तिथे संपवलं.

एडिटर खडबडून जागा झाला. कर्सर लुकलुकायला लागला.

मी किंचाळले असणार, कारण मामीच्या हातातली किटली हिंदकळली. मामांनी माझा दंड धरून हलवला आणि भुवया उंचावल्या. काय झालं, ते सांग. बाहेर कुणाची तरी पकड झाली होती, टाळ्या पडत होत्या आणि सेमीफायनल पुढे सरकत होती. तरी मी खडू घेतला, कारण मलाही ते बोलल्याशिवाय नीट दिसणार नव्हतं.

"मामा, आपल्याला वाटतं की कॉपी केलं म्हणजे मजकूर कुठल्या तरी फळीवर जाऊन बसतो," मी म्हणाले. "या युनिक्सवाल्यांच्यात तसं नसतं. फळीवर काहीच नसतं. एडिटर फक्त दवंडी देतो, की ते माझ्याकडे आहे. ज्याला हवं त्याने माझ्याकडे येऊन मागावं."

मामांनी मान हलवली. दवंडी त्यांना लगेच कळली.

"आता तुम्ही पेस्ट करता. तेव्हा हा एडिटर काय करतो, तर एका गड्याला बाहेर पाठवतो, जा, कुणाकडे आहे ते बघ आणि घेऊन ये. आणि गडी परत येईपर्यंत स्वतः दारात उभा राहतो. कुणाची हाक ऐकत नाही, कुणाला उत्तर देत नाही. नुसता वाट बघतो."

मी फळ्यावर एक घर काढलं, दारात एक माणूस आणि रस्त्यावर एक गडी.

"यादीतलं नाव असेल तर गडी यादीकडे जातो, घेऊन येतो, संपलं. पण तुमचं वाक्य असेल तर? गडी चौकशी करतो, कुणाकडे आहे? लोक सांगतात, अरे, तुझ्याच धन्याकडे आहे. गडी घरी येतो आणि धन्याला म्हणतो, द्या. धनी गड्याची वाट बघत दारात उभा. तो कुणाचंच ऐकत नाही, गड्याचंही नाही. गडी धन्याच्या उत्तराची वाट बघतो, धनी गड्याची."

मामांचे खांदे हलायला लागले. हसण्याचा आवाज नव्हता, नुसते खांदे आणि डोळ्यांतलं पाणी. त्यांनी माझ्या हातातला खडू ओढून घेतला आणि माझ्या चित्राखाली लिहिलं, 'काखेत कळसा, गावाला वळसा.' मामीने ते मोठ्याने वाचलं आणि आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो. त्या हसण्यात बराच वेळ गेला असेल.

दुरुस्ती सोपी होती, सापडेपर्यंतच अवघड. पेस्ट करताना गड्याला पाठवण्याआधी एडिटरने स्वतःला एक प्रश्न विचारायचा, ते माझ्याच काखेत आहे का? असेल तर तिथूनच काढून द्यायचं. नसेल तर गडी पाठवायचा, पण त्यालाही मुदत घालायची. मुदतीत आला नाही तर त्याचा नाद सोडून आपल्या कामाला लागायचं. मी लिहायला घेतलं. एक कंस विसरला, मशीनने बोंब मारली, तो घातला. बाहेर प्रीतम गुरुजींनी शेवटची काही मिनिटं उरल्याचं सांगितलं. मामा माझ्या मागे येरझाऱ्या घालत होते आणि मामी त्यांना बसा बसा म्हणत होती.

"मामा, या. अडवून दाखवा त्याला."

ते बसले. मनगटं हलवून सैल केली, कचेरीत टाइपरायटरसमोर बसताना करायचे तशी. 'संयू पुण्यासनं आली.' कॉपी, पेस्ट. वाक्य चटकन खाली उतरलं. 'संयू पुण्यासनं आली आणि तिनं मशीनचं मुस्काट फोडलं.' कॉपी, पेस्ट. 'संयू पुण्यासनं आली, तिनं मशीनचं मुस्काट फोडलं, आणि अजून च्या प्यायला नाही.' वाचणारा प्रोग्राम तिन्ही वाक्यं एकामागोमाग बोलला. मी थंडगार चहा एका घोटात संपवला. इतकी खूश मी स्वतःच्या लग्नातही नव्हते.

सेमीफायनल सुटली होती. बाबासो शाल खांद्यावर टाकूनच आले. मामांनी त्यांना काहीही लिहून दिलं नाही, सरळ मशीनकडून वदवलं, "बाबासो, शाल घरी ठेवून या. गारठा पडला की मागून घेतो." बाबासोंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा अडणार नाही ना, असं विचारलं. मी नाही म्हणाले. पण आत देवांची नावं घेत होते, कारण दुरुस्ती एका वर्गात तपासणं वेगळं आणि भरलेल्या मैदानात वेगळं.

फायनल आमची हिंगणवाडी आणि शेजारची माळेवाडी यांच्यात होती. प्रीतम गुरुजी मोठ्या मनाचे. त्यांनी स्वतः मामांचं टेबल उचलून मैदानाच्या कडेला आणून ठेवलं, माइक लॅपटॉपच्या स्पीकरपुढे बांधला आणि लोकांना सांगितलं की यापुढे हिंदुराव खराडे बोलतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आजारी माणसाला वाजवतात तशा, जपून.

यंत्राचा आवाज सुरू झाला तेव्हा मागच्या रांगांत हशा पिकला. मशीन 'चढाई' म्हणताना 'ढ'वर घसरत होतं आणि 'निदानरेषा' तर त्याला अजिबात जमत नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी मान वर केली नाही. ते साधी साधी वाक्यं देत राहिले, कोण आला, कोण गेला, किती गुण. पेस्टचं बटण त्यांनी अजून एकदाही दाबलं नव्हतं. मला कळेना, ते घाबरले होते की दबा धरून बसले होते.

मग माळेवाडीचा मुख्य चढाईपटू आला. उंच, देखणा, मांडीवर थाप मारत. त्याने मध्यरेषा ओलांडली आणि तो तिथेच इकडून तिकडे नाचायला लागला. आत शिरेना.

"पाव्हणा आला," मशीन म्हणालं.

मामांचं बोट पेस्टकडे गेलं. ओळ उतरली.

"पाव्हणा आला आणि उंबऱ्यावरच थांबला."

मागच्या रांगेतला हशा बदलला, हे मला पाठीला जाणवलं. आता ते यंत्राला हसत नव्हते. मैदानात आमचे सातही गडी हात पसरून वाट बघत होते, चढाईपटूचा 'कबड्डी कबड्डी'चा दम चालू होता, पंचांनी घड्याळाकडे पाहिलं. मामांची बोटं पावसासारखी पडत होती. चढाईपटूची वेळ संपत आली, तो माघारी वळला, रिकाम्या हाताने.

"पाव्हणा आला, उंबऱ्यावरच थांबला, आणि च्या न घेता निघाला."

मैदान उसळलं. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. कुणीतरी टोपी उडवली. पंचांना शिट्टी दोनदा वाजवावी लागली. मी मामांच्या खुर्चीची पाठ धरून उभी होते आणि माझे पाय जमिनीवर नव्हते. एडिटर अडला नाही. त्यानंतर मामा सुटलेच. अख्खा संघ बाद होऊन लोण पडला, त्याला शेपूट, पकडीला शेपूट, पंचांनी बुटाची नाडी बांधली तिलाही शेपूट. वाक्य अर्धं झालं की लोक गप्प व्हायचे, पुढचं ऐकायला. माळेवाडीचा तो पोरगा पुन्हा चढाईला आला की गर्दीतूनच कुणीतरी ओरडायचं, च्या ठेवा रे. शेवटच्या चढाईपर्यंत सामना बरोबरीत होता आणि मग आमच्या डाव्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याच पोराचा घोटा धरला. हिंगणवाडी जिंकली.

गुलाल उधळला. पोरं मैदानात घुसली. बाबासो हार घेऊन मामांकडे यायला निघाले आणि त्यांच्या मागे दहा-वीस माणसं. मामी डोळे पुसत होती. मी मनात म्हणाले, झालं, जिंकलो. पण मामांच्या चेहऱ्यावर मला अपेक्षित होतं ते दिसेना. ते नमस्काराला नमस्कार करत होते, पाठीवर हात ठेवून घेत होते. लय भारी झालं बघा, असं लोक हळू आवाजात म्हणत होते आणि मामा मान डोलावत होते. दवाखान्यातही ते अशीच मान डोलवायचे.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत एक धिप्पाड म्हातारा पुढे आला. अंगात पांढरा नेहरू शर्ट, चेहरा रागाने लालबुंद. हे माळेवाडीचे धोंडीराम सूर्यवंशी, तिथल्या संघाचे जुने कप्तान. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"हिंदुराव, ह्ये काय बोलणं झालं?" ते गरजले. "आमचं पोरगं चढाईला जातंय आन् तुमी त्येला पाव्हणा म्हणताय? साऱ्या मैदानात त्येची चेष्टा केली तुमी. बिचारं शेवटाला त्येनंच गडबडलं."

बाबासो घाईने मध्ये पडले. "धोंडीराम, आवो, जाऊ द्या. मानूस आजारातनं उठलंय. त्येंच्याशी काय भांडताय?"

"आजारी मानूस असं बोलतो व्हय?" धोंडीरामांनी बाबासोंचा हात झटकला. "आवाज गेला म्हणं. जीभ कुटं गेलीया? हुती तीच हाय, तशीच तिखट. धा वर्सं ह्या जिभेनं मला छळलंय, आता आमच्या पोरास्नी छळाय लागलाय. मला उत्तर पायजे."

बाबासो त्यांना ओढून न्यायला लागले. आणखी दोघं मदतीला आले.

"सोडा वो मला," धोंडीराम म्हणाले. "लिवू द्या त्यांस्नी. उत्तर घेतल्याबिगर मी हालत न्हाई."

आणि ते खरंच कमरेवर हात ठेवून उभे राहिले, घुश्शात, मामांच्या बोटांकडे बघत.

मी मामांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की माझ्या डोळ्यांतून एकदम पाणी आलं. मैदानातल्या एवढ्या टाळ्यांनी जे झालं नव्हतं ते या एका माणसाच्या रागाने झालं होतं. मामी माझ्या कानाशी आली.

"भांडतंय गं कुणीतरी त्येंच्याशी," ती म्हणाली. "आजारपणापासनं एक माणूस म्हणून भांडलं न्हाई. समदी आपली हळू बोलत्यात."

मामांनी वेळ लावला. मुद्दाम लावला. एक वाक्य लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. गुलालाने माखलेली पोरं ढोल थांबवून भोवती गोळा झाली. धोंडीरामांचा एक पाय अस्वस्थ हलत होता, पण ते जागचे हलले नाहीत. शेवटी मामांनी बटण दाबलं. स्पीकर चालूच होता, त्यामुळे ते सगळ्या गावाने ऐकलं.

"धोंडीराम, माझं चुकलं. पाव्हणा निदान घरात येऊन बसतो तरी."

हशाचा लोट उठला. धोंडीरामांचे कान लाल झाले. त्यांनी मागे हात करून कुणाची तरी खुर्ची ओढली, ती टेबलासमोर आदळली आणि तीत बसले.

"आसं व्हय," ते म्हणाले. "बरं. आता माझं ऐका."

मामांनी बाह्या वर सारल्या आणि नवी ओळ सुरू केली.